ए बकरीचा

विठ्ठलवाडीत वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावाचं नाव सगळ्यात उशिरा वाचता येतं. स्टेशनातल्या पिवळ्या पाटीवर ते ठळक काळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, मूल शाळेत जायच्या आधीपासून ते बघत असतं. पण पहिलीच्या वर्गात त्या नावाला हात घालायची सोय नाही. पहिलंच अक्षर ‘वि’. कागदावर वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर, तोंडात मात्र ‘व’ आधी आणि ‘इ’ नंतर. मग ‘ठ्ठ’, म्हणजे एकाला एक चिकटलेले दोन ठ. मग ‘ल’, ज्याच्यातला ‘अ’ बोलताना आपण खाऊन टाकतो. शेवटचे ‘वा’ आणि ‘डी’ तेवढे सरळ. अलीकडचं कल्याण जोडाक्षराचं, पलीकडचं उल्हासनगरही जोडाक्षराचं. आमच्या मुलांचं नशीबच तसं. दिव्याची मुलं सुखी, दोन अक्षरांत गाव संपतं.

मी कल्याण पूर्वेतल्या एका मराठी शाळेत बाई होते. पहिली-दुसरीच घेतली, वरचे वर्ग देऊ केले तरी नको म्हणायचे. निवृत्त झाले तरी सुटका नाही. संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरंजी पडते आणि आजूबाजूच्या चाळींतली पोरं येऊन बसतात. रुळांच्या या अंगाला कल्याण, त्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. पोरांचे आईबाप जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर, रिक्षावर, नाक्यावर, घरकामाला. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी उत्तर प्रदेशातून. आणि तिसगाव-चिंचपाड्याकडची मूळची आगरी घरं. सगळ्यांची तक्रार एकच असते: “बाई, बाराखडी तर तोंडपाठ आहे याची, मग वाचता का येत नाही?”

बाराखडी पाठ असते, हे खरं आहे. त्या पोराला ‘कु’वर बोट ठेवून विचारा, हे काय? ते क्षणभर बघतं आणि ओठातल्या ओठात सुरू होतं: क, का, कि, की, कु... कु! उत्तर बरोबर आलं; पण चाळीतल्या पाचव्या खोलीत जायला पहिल्या दारापासून मोजत निघावं, तसं ते आलं. आता ‘कुलूप’ वाचायचं तर हा प्रवास पुन्हा ‘लू’साठी करायचा. ‘लू’पर्यंत पोचेस्तोवर ‘कु’ डोक्यातून निघून गेलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी थोडंच लक्षात धरून ठेवता येतं. त्यातलं सगळं अक्षर शोधण्यातच खर्ची पडलं, तर शब्द बांधायला उरतं काय?

ही चूक मुलाची नाही आणि बाराखडीचीही नाही. तक्ता म्हणून बाराखडी देखणीच आहे. ज्याला वाचता येतं त्याला ती बघून सगळी रचना एका नजरेत कळते. वर्णमालेचंही तसंच. कंठापासून ओठांपर्यंत आवाज कुठे तयार होतो त्या क्रमाने ती लावलेली, व्याकरणकारांनी केलेली केवढी हुशारीची गोष्ट! पण त्यामुळेच क-ख-ग-घ हे कानाला जवळजवळ सारखे लागणारे आवाज एका ओळीत शेजारी येतात आणि नवशिक्याला तेच सगळ्यात अवघड जातं. डोळ्यांचा गोंधळ आणखी निराळा: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. जुन्या वळणाचा ख तर कित्येक पोरं ‘रव’ वाचतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, तो दिसतोच तसा.

शिवाय पसारा बघा. ३४ व्यंजनं धरली तर बाराखडीची घरं होतात ४०८. ‘बॅट’ आणि ‘बॉल’साठी ॲ आणि ऑ आले, शाळेत चौदाखडी आली, म्हणजे ४७६. जोडाक्षरं यात धरलेलीच नाहीत. इंग्रजीची मुळाक्षरं २६. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर अभ्यास केला आहे. आपल्यासारखीच स्वरचिन्हं जोडायची ती लिपी. त्यात दिसलं, की मुलं ही अक्षरं पुरती आत्मसात करायला तिसरी-चौथीपर्यंत वेळ घेतात. तेव्हा पहिलीच्या दिवाळीत ‘शेजारचा मुलगा एबीसीडी पूर्ण करून मोकळा झाला’ म्हणून आपल्या लेकराला बोलणाऱ्या आईबापांनी जरा थांबावं. दोन्ही मुलांच्या दप्तरातलं ओझं सारखं नाही.

आता अंकलिपीकडे वळू. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात ती अजून मिळते, रंगीत चित्रांची. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा, ए एडक्याचा. आमच्या चाळीत उखळ कुणाकडे आहे? ऐरण बघायला कुठे जायचं? एकदा एका मुलीला तक्त्यावर बोट ठेवून म्हणायला लावलं, तर ती खणखणीत आवाजात म्हणाली, “ए बकरीचा!” सगळा वर्ग हो म्हणाला. चित्रात बकरीसारखंच काहीतरी होतं, शिंगं होती, दाढी होती. मग बकरीच की. मी हसले, पण त्या एका वाक्यात तक्त्याची परीक्षा झाली. मूल अक्षराकडे बघतच नसतं, चित्राकडे बघून बोलत असतं. चित्र झाका आणि विचारा, अर्धा वर्ग गप्प होतो.

चित्र बघून ओळखणं ही वाचनाची पहिली पायरी आहे, नाही असं नाही. पार्ले-जीचा पुडा अडीच वर्षांचं पोरही ‘वाचतं’. आमच्या लोकलचे प्रवासी तेच करतात: इंडिकेटरवर ‘एस’ दिसला की कर्जत, ‘एन’ दिसला की कसारा. त्या अक्षराचा आणि कर्जतच्या उच्चाराचा काही संबंध नाही, तरी कोणी चुकत नाही. पण अशा खुणा किती लक्षात ठेवणार? पन्नास, शंभर. त्यापुढे जायचं तर खुणेतून आवाज काढायची युक्तीच लागते.

ती युक्ती थोडक्या अक्षरांत शिकवता येते. माझी सुरुवात क, म, न या तीन अक्षरांनी आणि काना व दुसरी वेलांटी या दोन खुणांनी व्हायची. एवढ्या भांडवलावर काय काय उभं राहतं बघा: काका, काकी, मामा, मामी, नाना, नानी. अर्धं गणगोत झालं. मग नाक, कान, मान. मग काम, मन, कमान, कमी. आणि सगळ्यात मोलाचा शब्द, ‘मी’. कार्डं करायची. ‘नाक’ दाखवलं की पोरांनी नाकाला हात लावायचा, ‘मान’ दाखवली की मानेला. मी तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. ज्याला वाचता येत नाही तो शेजाऱ्याकडे बघून हात लावतो. लावू द्यायचा, दोन दिवसांत तोही कार्डाकडे बघायला लागतो. मग ‘मामा, कान!’ असं दोन शब्दांचं कार्ड. ज्या पोराला आम्ही मामा ठरवलेलं असायचं त्याने कान धरायचा. वर्गात हसून हसून पुरेवाट व्हायची.

यातली खरी कमाई वेगळी आहे. ‘क’ला काना लावला की ‘का’, ‘म’ला लावला की ‘मा’, ‘न’ला लावला की ‘ना’. चौथं अक्षर, समजा ‘र’, फळ्यावर लिहून त्याला काना दिला आणि गप्प उभं राहिलं, तर कोणीतरी पोरगं न शिकवता ‘रा’ म्हणतं. तो क्षण आला, की ४०८ घरांची चौकट पाठ करायची गरज संपली. काना सगळीकडे एकच काम करतो, हे कळलं की मूल उरलेली घरं स्वतः भरतं. त्यानंतर बाराखडी खुशाल म्हणावी. आता ती त्याला गोड लागते, कारण आतली गंमत कळलेली असते.

ही रीत मी काही शोधून काढली नाही. ‘ग म भ न’पासून सुरुवात करणाऱ्या जुन्या पंतोजींनाही वर्णमालेचा क्रम मोडावासा वाटलाच होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांच्याकडेही थोडी अक्षरं, लगेच स्वरचिन्हं आणि लगेच अर्थाचे शब्द, याच वाटेने मुलं वाचायला शिकली. आणि गंमत म्हणजे आमच्या गल्लीत ‘फोनिक्स क्लासेस’च्या पाट्या लागल्या आहेत, तिथे महिन्याला पैसे मोजून इंग्रजी असंच शिकवतात. जॉली फोनिक्समध्ये ए-बी-सी-डी नाही. आधी एस, ए, टी, आय, पी, एन. एवढ्यावर ‘पिन’, ‘टिन’, ‘सॅट’ तयार. तिथे कुणी बाप विचारत नाही, की एबीसीडी का पूर्ण करून घेतली नाही. मराठीच्या बाईंनी ‘ज्ञ’पर्यंत न जाता ‘नाना, नाक’ सुरू केलं, की मात्र पालकसभेत हात वर होतात.

अक्षरं जोडून शब्द उभा राहतो, असं आपण म्हणतो. पण ऐकायला गेलं तर शब्द असा सरळ उभा राहत नाही. मूल वाचतं: ‘का... न’. तोंडाने निघतं ‘काऽ नऽ’. शेवटच्या ‘न’मधला अ पुसून टाकून त्याचा ‘कान्’ करायचा असतो, आणि हे पुसायचं काम डोळा करत नाही, कान करतो. ‘काऽ नऽ’ ऐकून पोराच्या मनात लख्ख होतं, अरे, कान! म्हणजे तो शब्द त्याच्या कानाला आधीपासून ठाऊक असावा लागतो. ‘कमान’ वाचताना आमची बरीच पोरं अडायची. अक्षरं तिन्ही येत होती, पण कमान म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दुर्गाडी किल्ल्याकडच्या एका कमानीची गोष्ट सांगितली, फळ्यावर काढून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी कमान बिनबोभाट वाचली गेली.

म्हणून घरातली भाषा बघावी लागते. ‘आ आईचा’ म्हणताना बंजारा घरातल्या मुलाच्या मनात ‘याडी’ असते. आगरी घरातलं पोर ‘डोळा’ हा शब्द बघून ‘डोला’ म्हणतं, ‘पाणी’ बघून ‘पानी’. अनेक शिक्षक इथे थांबवतात: “ळ म्हण, ळ!” पोर गोंधळतं. त्याने वाचलेलं असतं बरोबर. शब्द ओळखला, अर्थ कळला, घरी जसा बोलतात तसा म्हटला. वाचनाची परीक्षा इथेच संपली, तो पास झाला. ‘ळ’चा उच्चार हा निराळा विषय आहे, तो गाण्यातून, नाटकातून सावकाश येतो. वाचन चालू असताना जिभेवर छडी उगारली, की पोर एकच शहाणपण शिकतं: तोंड उघडायचं नाही.

उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांचं कोडं याहून अवघड. लिपी तीच, शब्द वेगळे. त्यांना अक्षर लवकर येतं आणि अर्थ उशिरा, त्यामुळे वाचन फार छान चालल्याचा भास होतो. अशा एका मुलाने धडाधड वाचलं, की मुलगी अंगणात खेळत होती. विचारलं, अंगण म्हणजे काय रे? म्हणाला, “अंगनवाडी.” चाळीत राहणाऱ्या पोराला अंगण कुठून माहीत असणार? त्याने जे बघितलं होतं त्यातून सर्वांत जवळचं उत्तर काढलं. मराठी घरातल्या पोरांनीही हेच उत्तर दिलं असतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचा एक साधा हिशेब मांडला: लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. अंगणवाडीवाला मुलगा आणि बाराखडीवाला मुलगा दोघेही तिसरीत एकाच रकान्यात ‘वाचता येत नाही’ म्हणून लिहिले जातात. पण एकाला अक्षरांची तालीम हवी आणि दुसऱ्याला शब्दांची, गोष्टींची, गप्पांची. औषध एकच दिलं तर दोघांपैकी एक तरी तसाच राहतो.

हे शेजारच्या जिल्ह्यात नीट तपासूनही बघितलेलं आहे. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरी अशी तीन वर्षं मुलांचा मागोवा घेतला. मराठी आणि कन्नड या दोन भाषांतलं वाचन-लेखन. अहवाल २०१७ साली आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं घोटण्यात जातो, अर्थाबद्दल बोलायला आणि मुलांनी मनातलं लिहायला जवळजवळ काही उरत नाही, हे त्यांनी दाखवलं. ज्याने शाळेत नोकरी केली आहे त्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पण कोणीतरी ते मोजून लिहिलं, याचं मला बरं वाटलं. त्याच वाड्यातल्या सोनाळे गावी नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था मराठी वाचन कसं शिकवावं यावर वर्षानुवर्षं काम करते आहे. बाईंनी-गुरुजींनी सुट्टीत एकदा बघून यावं असं ठिकाण.

त्याच्याही आधीचं बघायचं तर कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. माँटेसरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून बिया, पानं, शिंपले घेऊन त्या वारली मुलांसोबत बसल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आधी हात, कान आणि जीभ चालू द्यायची, पाटी मागाहून, हा त्यांचा क्रम. आज बालवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या पोराला चार रेघी वही देऊन ‘अ’ गिरवायला बसवलेलं बघते, तेव्हा मला राग येतो. त्या बोटांत अजून पेन्सिल धरायचं बळ नसतं. त्यांना पीठ मळू दे, मणी ओवू दे.

आता स्टेशनांकडे येते, कारण माझा सगळ्यात आवडता पाठ तो. आमच्या पोरांना कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी स्टेशनांची नावं पाठ असतात. लोकलमधली घोषणा ऐकून ऐकून क्रमासकट पाठ. शब्द कानाला ठाऊक आहे, फक्त डोळ्याला ओळख करून द्यायची. मी नावांच्या पट्ट्या करायचे आणि मुलांनी त्या जमिनीवर ओळीने लावायच्या. कसाऱ्याकडे जाणारी लाइन पहिलीसाठी उत्तम: शहाड, खडवली, आसनगाव, आटगाव, कसारा. सगळी सुटी अक्षरं. टिटवाळ्यात पहिली वेलांटी येते आणि डोळा-तोंडाची ती उलटापालट समजावायला गणपतीचं गाव उपयोगी पडतं, तिथे जाऊन आलेलं पोर वर्गात असतंच. वासिंदला अनुस्वार. ते टिंब फार लबाड आहे. वासिंदमध्ये ‘न्’, अंबरनाथमध्ये ‘म्’, वांगणीत आणखी तिसराच. नियम सांगत बसू नये. पुढचं अक्षर तोंडात धरून बघितलं की आवाज आपोआप येतो, पोरांना ते नाक दाबून करून बघायला आवडतं.

रफार शिकवायला कर्जत, खर्डी, ठाकुर्ली. पुस्तकात ‘सूर्य’ आणि ‘दर्पण’ असतात, त्यातला दर्पण कुणाच्या घरी नाही. कर्जतमध्ये ‘र्’ तोंडात ‘ज’च्या आधी येतो आणि कागदावर ‘ज’च्या डोक्यावर बसतो. एवढं एकदा पट्टी कापून दाखवलं: ‘कर’ आणि ‘जत’ वेगळे लिहिले, मधला ‘र’ कात्रीने काढला आणि वर चिकटवला. कात्री लागल्यावर पोरं विसरत नाहीत. मुंब्र्यात हाच ‘र’ ‘ब’च्या पायाशी येतो. एकच अक्षर, कधी डोक्यावर, कधी पायाशी. मोठ्या माणसांनी ही गोष्ट किती सहज गिळली आहे आणि लहानांना ती किती अन्यायाची वाटत असेल, याचा विचार करावा. विठ्ठलवाडीची पट्टी मी मुद्दाम सगळ्यात शेवटी काढायचे. मुलं तोवर मागे लागलेली असायची.

पट्ट्या, कार्डं, खेळ हे सगळं झालं तरी मुलांना गोष्ट वाचून दाखवावी लागतेच. सांगून नव्हे, वाचून, पुस्तक हातात धरून, पोरांना पान दिसेल असं. घरात पुस्तक नसलेल्या पोराला पुस्तक कसं चालतं हेच माहीत नसतं: उघडायचं कुठून, ओळ संपली की नजर कुठे न्यायची, काळ्या खुणांतून गोष्ट निघते कशी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, आपल्याला त्याचा अभिमान आहे, पण पूर्वेच्या चाळीतलं सहा वर्षांचं पोर काही तिथे एकटं जाणार नाही. माझ्या पिशवीत माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ असायचं. छोटी वाक्यं, रोजच्या घरातली माणसं, आणि चित्रात मजकुराहून जास्त काही चाललेलं. त्या वाक्यांत उपदेश नाही, हे त्यांचं मोठं सुख. आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हटलं की शेवटी कोणीतरी शहाणं व्हावंच लागतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत, मोबाइलवरही उघडतात, छापील पुस्तक घेणं जमत नसेल तर तेही चालेल.

तिसरी-चौथीत येऊनही वाचता न येणाऱ्यांचं काय? ही मुलं पुष्कळ आहेत. ‘असर’च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातली तिसरीची किती मुलं दुसरीचा मजकूर वाचतात ते बघतात: २०१८ मध्ये शंभरात २७.३, कोरोनानंतर २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. ही पाहणी खेड्यांतली, त्यामुळे आमची विठ्ठलवाडी तिच्यात नाही. पण चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. अशा मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, येतं त्याप्रमाणे गट करून रोज तासभर शिकवायची रीत ‘प्रथम’ या संस्थेने रुजवली, आणि ती चालते. फक्त एक पथ्य पाळायचं. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात पहिलीचं पुस्तक द्यायचं नाही. त्याला लाज वाटते, मग ते दंगा करतं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. त्याच्यासाठी क्रिकेटपटूंची नावं, रिक्षांच्या मागचं लिखाण, वडापावच्या गाडीवरचा दरफलक. अक्षरं तीच, मान वेगळा.

सध्या सगळा जोर मिनिटावर आहे. ‘निपुण भारत’ हे सरकारी अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर निदान ६० शब्द समजून वाचावेत असं ठरलं. उद्देश चांगला आहे. अडखळत वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही, हे मी रोज बघते. पण शब्द मोजायचे तर भाषा बघून मोजा. हिंदीत ‘घर के सामने के पेड़ पर’ हे सहा शब्द झाले. मराठीत ‘घरासमोरच्या झाडावर’, फक्त दोन. आमची भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवते. हिंदीच्या पोराने सहा शब्द वाचले तेव्हा आमच्या पोराने दोनच वाचले, आणि गोष्ट दोघांनी तेवढीच सांगितली. एनसीईआरटीने २०२२ च्या अभ्यासात २० भाषांसाठी वेगवेगळे निकष काढले, ते योग्यच केलं. तरी शाळांपर्यंत खाली येताना ‘साठ’ हा एकच आकडा पोचतो. मग घड्याळ लावून पोरं पळवली जातात. विराम नाही, पूर्णविराम नाही, श्वास नाही. एकीने पूर्ण उतारा असा म्हणून टाकला आणि मला विचारलं, “किती झाले?” गोष्टीत कोण होतं हे तिला सांगता आलं नाही.

परवा एक आई थांबली होती. शिलाईचं काम करते, स्वतः शाळेत गेलेली नाही. म्हणाली, बाई, मला वाचता येत नाही, मी घरी काय करून घेऊ? तिला सांगितलं, रात्री दहा मिनिटं त्याच्याकडून गोष्ट वाचून घ्या. मधे बोलू नका, संपलं की विचारा, मग काय झालं? तो कोण होता? तसं का केलं? तिने विचारलं, “आणि त्याने चुकीचं वाचलं तर मला कसं कळणार?”

म्हटलं, त्याने ‘घोडा’च्या जागी ‘घडा’ वाचला, तर घडा पळत सुटला असं तुम्हाला ऐकू येईल. तेव्हा म्हणा, “काय? घडा कसा पळेल रे?” तो पुन्हा ओळीवर जाईल.